हार्वर्ड-येल खेळाडूंना स्पोर्ट्स स्कॉलरशिप देत नाहीत, मग त्यांची टीम चालते कशी? आणि त्यातून जालन्याच्या पोरांनी काय घ्यायचं?

घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव. बलोपासना सांगणाऱ्या संताचं गाव. पण इथलंच कशाला, मराठवाड्यातलं कुठलंही गाव घ्या. पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं दिसणारच. कुणी पोलीस भरतीसाठी पळतंय, कुणी आर्मीसाठी, कुणी शाळेच्या कबड्डी टीमसाठी.

आणि नववी संपत आली की घरात एक वाक्य ठरलेलं असतं, "आता ग्राउंड बास, दहावी आहे." पुढे अकरावी-बारावीला क्लाससाठी लातूर नाहीतर छत्रपती संभाजीनगर. ग्राउंड सुटतं ते सुटतंच.

खेळ की अभ्यास हा प्रश्न फक्त आपल्याकडेच पडतो असं नाही. अमेरिकेतल्या आठ नामांकित विद्यापीठांनी 1945 मध्येच यावर लेखी नियम केले होते. ते नियम नेमके काय आहेत आणि आपल्या कामाचे किती, ते बघूया.

आधी आयव्ही लीग काय आहे ते समजून घेऊ

हार्वर्ड, येल, प्रिन्सटन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, ब्राऊन आणि पेनसिल्व्हेनिया ही ती आठ विद्यापीठं. आज आपण आयव्ही लीग म्हटलं की भारी शिक्षण आठवतं, पण हे नाव मुळात खेळाच्या लीगचं आहे. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचा तो.

तिकडे कॉलेज फुटबॉल हा प्रचंड पैशाचा खेळ आहे. वरच्या गटातल्या एका टीमला कित्येक वर्षं 85 खेळाडूंपर्यंत पूर्ण स्कॉलरशिप देता यायची. फी, राहणं, जेवण सगळं फुकट, कारण एकच, तू चांगला खेळतोस.

आयव्हीच्या आठ जणांनी 1945 मध्ये फुटबॉलसाठी करार केला की खेळतो म्हणून कुणाला स्कॉलरशिप द्यायची नाही. 1954 मध्ये हाच करार बाकीच्या खेळांनाही लागू केला.

मग गरिबाच्या पोराने तिथे खेळायचं कसं?

मदत मिळते, पण ती घरच्या परिस्थितीवर ठरते. हार्वर्डने 2025-26 पासून वर्षाला 1 लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलांचं शिक्षण, राहणं, जेवण मोफत केलं, आणि 2 लाख डॉलरपर्यंतच्या कुटुंबांना शिकवणीची फी माफ केली. यात खेळाडू आणि बाकीचे विद्यार्थी असा फरक नाही.

याचा सगळ्यात मोठा फायदा दुखापत झाल्यावर कळतो. गुडघा गेला, टीम सोडावी लागली, तरी मदत चालू राहते. कारण ती खेळासाठी दिलेलीच नसते.

दुसरी अट अभ्यासाची. टीममधल्या खेळाडूंची शैक्षणिक सरासरी कॉलेजच्या बाकी विद्यार्थ्यांपेक्षा एका मर्यादेपलीकडे खाली जाऊ द्यायची नाही, असं गणित लीगने घालून दिलंय. म्हणजे नुसता तगडा आहे म्हणून प्रवेश मिळत नाही.

सगळे यावर खूश आहेत असंही नाही. ब्राऊनच्या दोन बास्केटबॉल खेळाडूंनी 2023 मध्ये कोर्टात दावा केला की आठ विद्यापीठांनी मिळून स्कॉलरशिप न देणं म्हणजे संगनमत आहे. 2024 मध्ये कोर्टाने तो फेटाळला. पण मुद्दा उरतोच. ज्याच्या घरचं उत्पन्न मदतीच्या मर्यादेच्या थोडं वर आहे, त्याला दुसरीकडे मिळाली असती ती स्कॉलरशिप इथे सोडावी लागते.

खरी गंमत वेळापत्रकात आहे

आयव्हीच्या टीम एका सिझनमध्ये 10 मॅच खेळतात. 7 आपसात, 3 बाहेरच्यांशी. सप्टेंबरच्या मध्याला सुरुवात, नोव्हेंबरच्या शेवटी हार्वर्ड-येल मॅच आणि संपलं. ही मॅच 1875 पासूनची.

त्यानंतर देशपातळीचे बाद फेरीचे सामने असतात. आयव्हीची टीम सगळ्या मॅच जिंकली तरी तिथे जायची नाही. कारण सांगितलं जायचं ते म्हणजे तेव्हा सेमिस्टरची परीक्षा असते.

बाकी खेळांतल्या त्याच कॉलेजच्या टीम मात्र राष्ट्रीय स्पर्धांना जायच्या. मग फुटबॉललाच बंदी का? शेवटी खेळाडू विद्यार्थ्यांच्या समितीनेच प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर 2024 मध्ये लीगने तो मान्य केला. 2025 च्या सिझनपासून हा दरवाजा उघडला.

आयव्हीच्याच धर्तीवर 1986 मध्ये आणखी एक लीग सुरू झाली, ती पुढे पॅट्रियट लीग म्हणून ओळखली जाऊ लागली. तिथेही फुटबॉलला स्कॉलरशिप नव्हती. पण चांगले खेळाडू पैसे देणाऱ्या कॉलेजकडे जायला लागले. फोर्डहॅमने 2010 मध्ये स्कॉलरशिप सुरू केली, तर त्यांना लीगच्या विजेतेपदासाठी अपात्र ठरवलं. शेवटी 2013 पासून लीगनेच परवानगी दिली. तरी जॉर्जटाऊनसारखं कॉलेज अजून देत नाही.

थोडक्यात, पैसे कशासाठी द्यायचे आणि परीक्षेच्या काळात मॅच ठेवायची का, हे दोन प्रश्न त्यांनी लीगच्या पातळीवर सोडवले. एकेका पोरावर टाकले नाहीत.

आता आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे सवलती आहेत. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा चढत जातात. त्यातल्या कामगिरीवर दहावी-बारावीला जास्तीत जास्त 25 सवलतीचे गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे.

पण दोन्ही गोष्टी शेवटी मिळतात. निकालात गुण, नोकरीत जागा. मधली वर्षं, म्हणजे बुटाचे पैसे, खुराक, स्पर्धेला जायचं भाडं, बुडालेले तास, हे ज्याचं त्याने बघायचं. बक्षीस शेवटच्या कागदावर असलं की काही जण थेट कागदाच्याच मागे लागतात. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं त्यातूनच गाजली.

मधल्या वर्षांत पैसे देणारी मोठी योजना म्हणजे खेलो इंडिया. निवडलेल्या खेळाडूवर वर्षाला 6.28 लाख खर्च होतो, त्यात 1.20 लाख हातखर्चाला. पण देशभरात असे खेळाडू तीन हजारांच्या आत आहेत. राज्याची क्रीडा प्रबोधिनी आहे, पण तिथेही मोजक्याच जागा.

बाकीच्यांसाठी रस्ता कुठला? बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. बारावीनंतर आर्मीत गेला आणि तिथे खऱ्या अर्थाने ॲथलेटिक्स सुरू झालं. पुढे 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य आणलं. खेळ सांभाळला तो आर्मीने, कॉलेजने नाही.

बदल होतोय, पण हळू

आयआयटी मद्रासने 2024-25 पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी 2 जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी. जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत यावंच लागतं, शिवाय मागच्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं पदक लागतं. अभ्यासाची अट ठेवून खेळाला वजन द्यायचं, म्हणजे आयव्हीच्या जवळ जाणारी ही पद्धत.

वेळापत्रकाचंही उदाहरण आहे. 2018 मध्ये नेमबाज अनिश भानवालाची दहावीची परीक्षा आणि राष्ट्रकुल स्पर्धेची तयारी एकाच वेळी आली. सीबीएसईने त्याचे पेपर नंतर घेतले. पोरगं गोल्ड कोस्टला गेलं आणि 15 व्या वर्षी सुवर्ण घेऊन आलं.

पेपरच्या तारखा हलवल्या, बाकी काही नाही.

मग घरी बसून काय करायचं?

पोरगं खेळात बरं असेल तर शाळेला, अकॅडमीला किंवा कॉलेजला तीन गोष्टी विचारा. मदत मिळणार असेल तर दुखापत झाल्यावर ती थांबणार का? स्पर्धेमुळे हजेरी आणि परीक्षा बुडाली तर लेखी सोय काय? आणि खेळ सुटला तर हातात डिग्री कुठली राहील?

आयव्हीचं सगळंच आपल्याला परवडणारं नाही. पण स्पर्धांचं कॅलेंडर आणि परीक्षांचं कॅलेंडर समोरासमोर ठेवून तारखा ठरवायला हार्वर्डचा पैसा लागत नाही. शाळा, क्रीडा खातं आणि बोर्ड एका टेबलावर बसले तरी "आता ग्राउंड बास" हे वाक्य बऱ्याच घरांत म्हणावंच लागणार नाही.