एड्सच्या भीतीने आलेला तास

दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'च्या दुसऱ्या भागात, २०१८ साली आलेल्या पुस्तकात, पुनरुत्पादनाच्या धड्याच्या शेवटाकडे सिफिलिस आणि गोनोऱ्हियावर चार ओळी आहेत. अंगावर चट्टे, ताप, लघवीला जळजळ, पू. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या बाजारपेठेत दप्तर घेऊन फिरणाऱ्या दहावीच्या पोरापोरींकडे हा मजकूर आहे, छापील आणि सरकारमान्य. तो वर्गात शिकवला का, असे त्यांना विचारले तर बहुतेक वेळा ऐकू येते, "सर म्हणाले, हे घरी वाचा."

मराठीत हा विषय उघडपणे छापला जाऊन शंभर वर्षे उलटली. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२३मध्ये 'गुप्तरोगांपासून बचाव' हे पुस्तक. पेनिसिलिन अजून सापडायचे होते. गरमी-परमा (म्हणजे सिफिलिस-गोनोऱ्हिया) झाला की माणूस सडत जायचा आणि घरच्या बाईला त्याचा प्रसाद द्यायचा. अशा काळात बचावाचा मार्ग सांगणाऱ्या या गणिताच्या प्राध्यापकाला विल्सन कॉलेज सोडावे लागले. १९२७पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवताना त्यांनी खटले अंगावर घेतले. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव घातलेला हा विद्यार्थी. त्या तारखेला आज राज्यभर विद्यार्थी दिवस साजरा होतो, भाषणे होतात; लैंगिक शिक्षणाच्या बाजूने त्यांनी कोर्टात केलेला युक्तिवाद मात्र त्या भाषणांत कुठे नसतो.

कर्व्यांनंतर बराच काळ पोरांचे लैंगिक शिक्षण भिंतींनी केले. एसटी स्टँडची मुतारी, रेल्वे फाटकाजवळची भिंत, 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' आणि खाली लॉजच्या खोलीचा नंबर. त्या भिंतींनी स्वप्नदोषासारख्या निरुपद्रवी गोष्टीची दहशत बसवली आणि खरोखरीच्या संसर्गाबद्दल एक अक्षर सांगितले नाही. पोरींसाठी तर तेवढी भिंतही नव्हती.

मग एड्स आला. १९८६मध्ये चेन्नईत भारतातले पहिले रुग्ण सापडले आणि पुढच्या दशकात सांगली-साताऱ्याची नावे काळजीच्या यादीत चढली. त्याची कारणे सगळ्यांना माहीत होती. पुणे-बेंगळुरू हमरस्ता इथूनच जातो. कोरेगाव, खटाव, माण, पाटणची माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईला माथाडी, गिरणी, हॉटेलात. बायका गावी, वर्षाकाठी जत्रेला नि दिवाळीला भेट. सांगलीत मीना शेषू यांनी १९९२मध्ये 'संग्राम' या संस्थेचे काम गोकुळनगरच्या वेश्यावस्तीत सुरू केले आणि १९९६मध्ये तिथल्या बायकांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. निरोध कसा वापरायचा, गिऱ्हाईक ऐकत नसेल तर काय म्हणायचे, अंगावरून पांढरे जात असेल तर कुठे दाखवायचे, हे या बायका एकमेकींना शिकवत होत्या. नव्वदीच्या दशकात या दोन जिल्ह्यांत आपल्या शरीराच्या बचावाची सर्वांत नेमकी माहिती कुणाकडे होती, तर ती समाज ज्यांना बदफैली म्हणत होता त्यांच्याकडे. हायस्कुलात ती नव्हती.

शाळेत ती शिरली एड्सचे बोट धरून. १ डिसेंबरची प्रभातफेरी, लाल रिबिनीचे चित्र, निबंध स्पर्धा. २००५मध्ये केंद्र सरकार आणि त्याची एड्स नियंत्रण संघटना 'नॅको' यांनी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला, त्यात नववी आणि अकरावीला वर्षाकाठी किमान १६ तास. हे झाले, कारण मरणाची भीती होती. संकोचावर मात करायला तेवढेच कारण पुरेसे वाटत होते. पण पुस्तिकेतल्या आकृत्या पाहून गदारोळ झाला आणि २००७मध्ये इतर काही राज्यांबरोबर महाराष्ट्रानेही तो कार्यक्रम थांबवला. शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव घेणारे राज्य आणि कर्व्यांची जन्मभूमी! २००९मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको असाच शेरा मारला. केंद्राने साहित्य सौम्य केले, ते जीवनकौशल्यांच्या पांघरुणाखाली गेले. पुढे मोफत औषधांनी एड्सचे मरण लांबले, भीती ओसरली आणि भीतीबरोबर उरलासुरला तासही गेला. सिफिलिस, परमा, क्लॅमिडिया, एचपीव्ही यांची भीती कुणी घातलीच नव्हती, त्यामुळे त्यांचा तास कधी लागलाच नाही.

याच राज्यात दुसरी वाट दिसत होती. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९च्या 'लॅन्सेट'मधला त्यांचा आकडा अजून अंगावर येतो: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. त्यातून पुढे राणीताईंचे 'तारुण्यभान' शिबिर आले. मुले-मुली एकत्र बसतात, शरीराची रचना, मैत्री, पाळी, गर्भ, संसर्ग हे सगळे सलग ऐकतात, आणि प्रश्नांना उत्तर मिळते. तिथे आधी माणूस समजावून सांगितला जातो, रोग नंतर येतो. माझ्या मते आपल्या शाळांनी उचलायला हवा होता तो हा क्रम. असे शिक्षण दिल्याने पोरे बिघडतात ही शंका युनेस्कोने जगभरचे अभ्यास तपासून निकाली काढली आहे. उलट काही मुले थांबतात, आणि जी थांबत नाहीत त्यांच्यात निरोधाचा वापर वाढतो.

आता सोय नाही असेही नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लैंगिक संसर्गावर मोफत औषधांची सात रंगांची पाकिटे असतात: करडे, हिरवे, पांढरे, निळे, लाल, पिवळे, काळे. लक्षण पाहून पाकीट द्यायचे, लघवीच्या वाटे पू जात असेल तर करडे, आणि जोडीदारालाही उपचार. सुरुवातीचा सिफिलिस पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने बरा होतो. १० ते १९ वयासाठी 'मैत्री क्लिनिक' नावाचा कक्ष आहे. अडचण तिथे पोहोचण्यात आहे. केसपेपर काढणारा बापाच्या ओळखीचा, औषध देणारी मावशीच्या गल्लीतली. त्यात २०१२च्या पोक्सो कायद्याने अठराच्या आतल्या मुलीचा संबंध, तिच्या राजीखुशीचा असला तरी, पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक केले. अत्याचार झालेल्या मुलीला या कायद्याचा आधार आहे. पण घाबरलेली सोळा वर्षांची मुलगी त्यामुळे दवाखान्याची पायरी चढत नाही. क्लॅमिडियासारख्या आजारात तर पुष्कळदा मुलीला काहीच जाणवत नाही, आणि पाकीट मिळते लक्षणावर. गर्भनळ्या बंद पडल्याचे कळते ते लग्नानंतर, मूल होत नाही म्हणून सासू टोमणे मारू लागते तेव्हा.

लग्न हीही इथे पळवाट नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के अठराच्या आत बोहल्यावर चढलेल्या निघाल्या. म्हणजे 'लग्न झाल्यावर कळेलच' म्हणणारे घर पुष्कळदा किशोरवयातल्या पोरीलाच संसर्गाच्या तोंडी देते.

एक संसर्ग तर लशीने टळतो. पुण्याच्या 'सीरम इन्स्टिट्यूट'ची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस जानेवारी २०२३मध्ये आली. ९ ते १४ वयात ती घेणे उत्तम. तो कर्करोग एचपीव्ही या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूने होतो, हे लशीबरोबर सांगायला आपली जीभ रेटत नाही. आधी ते सांगू या. मुलग्यांनाही सांगू या, कारण विषाणू त्यांच्याकडूनही जातो.

कोरेगावातल्या आणि आसपासच्या पालकांना एवढीच विनंती: पुढच्या पालकसभेत निकालाची टक्केवारी विचारून झाली की पुनरुत्पादनाच्या धड्याला किती तास दिले, तेही विचारा. 'घरी वाचा' असे सांगितले असेल, तर तो धडा वर्गात घ्यायला लावा. आणि पोराने घरी काही विचारले आणि उत्तर सुचले नाही, तर त्याला १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा नंबर द्या. तो मोफत आहे, मराठीत बोलता येते आणि नाव सांगावे लागत नाही.