जुनी इलेक्ट्रिक गाडी : घाट नव्हे, युनिट मोजा

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना रेंज झपाट्याने उतरली म्हणून जुन्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी खराब ठरवणे घाईचे आहे. दीड टनाची गाडी महाबळेश्वरपर्यंत सुमारे १,३०० मीटर वर न्यायची तर नव्या बॅटरीचेही किमान पाच युनिट खर्च होतात. पडद्यावरची रेंज तर आधीच्या चालकाच्या सवयींवरचा अंदाज. त्यापेक्षा २० ते ८० टक्के चार्जिंगला किती युनिट लागतात ते पाहावे: ३० युनिटच्या धडधाकट बॅटरीत साधारण १८ जातात, घरच्या मीटरवर तूट धरून थोडे जास्त. टक्केवारीही गाडीचाच अंदाज, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सर्व्हिस सेंटरचा बॅटरी-अहवालही मागावा. ‘आठ वर्षांची वॉरंटी आहे की!’ असे विक्रेता म्हणेल, पण पुराच्या पाण्याने झालेले नुकसान तीत सहसा बसत नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीच्या पुरात महाड बुडाले होते. त्याआधीची गाडी या भागात घेताना विम्याच्या दाव्यांची नोंद तपासाच.