रेडियम : नावाचे आणि खरे

बऱ्हाणपूरहून रावेरकडे अथवा इच्छापूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रात्री केळीचे ट्रक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालतात. मागून येणाऱ्या वाहनाचा उजेड पडताच त्यांच्या पाठीवरील लाल पट्टी झळकते. या पट्टीस सर्वत्र ‘रेडियम’ असेच म्हटले जाते. वस्तुतः तीत रेडियमचा कणही नसतो. काचेचे अतिसूक्ष्म मणी अथवा लहान लहान पैलू तीत बसविलेले असतात आणि ते प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेस परत पाठवितात. शाळेतील एखाद्या अंधाऱ्या खोलीत पट्टी ठेवून पाहिल्यास ती मुळीच दिसत नाही. विजेरी डोळ्याजवळ धरून पेटविली की लखलखते. तिला हात लावण्यात कोणताही धोका नाही. मात्र तीवर चिखल बसला तर ती निरुपयोगी ठरते, म्हणून गाडी जुंपण्यापूर्वी ती पुसून घेणे अगत्याचे होय.

खरे रेडियम ही निराळीच वस्तू आहे. पिअरे व मारी क्युरी या दांपत्याने 1898 मध्ये या धातूचा शोध लावला. कित्येक टन खनिज गाळून, उकळून 1902 पर्यंत त्यांच्या हाती सुमारे एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड आले. या धातूतून अदृश्य किरण अखंड बाहेर पडत असतात आणि त्याचा निम्मा अंश क्षय पावण्यास सुमारे 1600 वर्षे लागतात.

हे किरण झिंक सल्फाइडवर पडले की ते उजळते. या गुणामुळे घड्याळांचे आकडे व काटे रेडियममिश्रित रंगाने रंगविले जाऊ लागले. अंधारात चमकणाऱ्या वस्तूस रेडियम म्हणण्याची रीत बहुधा त्यातूनच रूढ झाली असावी. परंतु अमेरिकेत तबकड्या रंगविणाऱ्या तरुणी कुंचल्याचे टोक ओठांनी सारखे करीत. पोटात गेलेले रेडियम कॅल्शियमप्रमाणे हाडांत साठते. 1920 नंतरच्या दशकात त्यांपैकी अनेकींची जबड्याची हाडे कुजली व कित्येक दगावल्या.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. जुने घड्याळ चमकेनासे झाले म्हणजे त्यातील रेडियम संपले असे नव्हे. झिजते ते झिंक सल्फाइड; रेडियम जवळजवळ जसेच्या तसे राहते. आजोबांच्या वेळचे असे घड्याळ घरात असल्यास त्याची काच काढू नये, रंग खरवडू नये व ते मुलांच्या हाती खेळण्यास देऊ नये. रंगाची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे हाच त्यातील मुख्य धोका होय.

याच किरणांनी रोगट पेशीही नष्ट होतात. त्यामुळे रेडियम भरलेल्या सुया व नळ्या गर्भाशयमुखाच्या आणि तोंडाच्या कर्करोगावर दीर्घकाळ वापरल्या गेल्या. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले, तेव्हा किरणोपचार म्हटले की प्रामुख्याने रेडियम व क्ष-किरण हीच साधने होती. पुढे कोबाल्ट-60, सीझियम-137 व इरिडियम-192 यांनी त्या सुयांची जागा घेतली, कारण रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू निर्माण होतो आणि नळीस बारीक चीर पडली तरी तो बाहेर येतो. बऱ्हाणपूरहून रेल्वेने मुंबईस जाणाऱ्या रुग्णास ‘शेक’ सांगितला जातो, तो आता बहुधा यंत्रातून बाहेरून दिला जातो. असा शेक घेऊन घरी परतलेल्या माणसाच्या अंगात कोणतेही किरण उरत नाहीत. त्याचे ताट वेगळे ठेवण्याचे अथवा नातवंडांस त्याच्यापासून दूर ठेवण्याचे कारण नसते.