तत्त्वज्ञानाच्या शाखा आणि ग्रामीण विद्यार्थी

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये या परिसरात निजाम-उल-मुल्क व मुबारिझखान यांच्यात लढाई होऊन मुबारिझखान मारला गेला आणि दख्खनमध्ये निजामाच्या स्वतंत्र सत्तेचा पाया घातला गेला. वीरशैव परंपरेतील पलसिद्ध मठ आणि प्रल्हाद महाराज रामदासी यांचे संस्थान ही दोन्ही श्रद्धास्थाने याच गावी आहेत. अशा गावातील बारावी उत्तीर्ण मुलीने तत्त्वज्ञान हा विषय घेण्याची इच्छा व्यक्त केली, तर ‘त्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न घरात प्रथम विचारला जातो. शेतीच्या उत्पन्नातून शिक्षणाचा खर्च भागविणाऱ्या पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या विषयात काय शिकविले जाते, हे पाहणे इष्ट ठरेल.

अध्यात्म आणि तत्त्वज्ञान

तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्म, असा समज आपल्याकडे सर्वत्र आढळतो. कीर्तन-प्रवचनात सिद्धान्त स्वीकारून तो श्रोत्यांच्या मनावर ठसविला जातो. विद्यापीठात मात्र तो सिद्धान्त कोणत्या आधारावर उभा आहे आणि त्यावर कोणते आक्षेप येतात, याची तपासणी केली जाते. आपल्या परंपरेतही प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडावयाचे, मगच त्याचे खंडन करावयाचे, अशी शिस्त होती. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ही त्या शिस्तीचीच नावे होत.

प्रमुख शाखा

‘अंतिमतः अस्तित्वात काय आहे?’ हा सत्तामीमांसेचा प्रश्न. जीव व परमतत्त्व यांचा संबंध अद्वैत वेदान्त एका प्रकारे मांडतो, वीरशैवांचे शक्तिविशिष्टाद्वैत दुसऱ्या प्रकारे, तर वऱ्हाडात रुजलेले महानुभाव तत्त्वज्ञान जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न मानते.

‘आपणास ज्ञान कशाने होते?’ हा ज्ञानमीमांसेचा प्रश्न. चार्वाकांनी प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानले, सांख्यांनी तीन, नैयायिकांनी चार, तर भाट्ट मीमांसकांनी सहा. साखरखेर्ड्याची लढाई आज कोणीही प्रत्यक्ष पाहू शकत नाही. तिचे ज्ञान लिखित साधनांवरून होते. अशा साधनांवर विश्वास केव्हा ठेवावा, याचा विचार शब्दप्रमाणाच्या चर्चेत येतो.

तर्कशास्त्र अनुमानाची शुद्धता तपासते. नदीला पूर आला, यावरून वर पाऊस झाला असे अनुमान करता येते, हे न्यायदर्शनातील प्रसिद्ध उदाहरण. त्यावर आक्षेप असा, की प्रवाह कोठे अडल्यानेही पाणी वाढू शकते. नैयायिकांचे उत्तर असे, की केवळ वाढलेले पाणी ही पुरेशी खूण नव्हे. प्रवाहाचा वेग, फेस, वाहून येणारी लाकडे व पाने ही सर्व चिन्हे पाहावयास हवीत. पीकनुकसानीचा पंचनामा करणाऱ्या कर्मचाऱ्यासही हीच दक्षता घ्यावी लागते.

नीतिशास्त्र आणि राजकीय तत्त्वज्ञान यांचे प्रश्न तर ग्रामसभेत नित्य उपस्थित होतात. टंचाईच्या दिवसांत टँकरचे पाणी प्रत्येक घरास समान द्यावे, की माणसांच्या संख्येप्रमाणे, की ज्यांची स्वतःची विहीर नाही त्यांना प्रथम? तीनही पर्यायांमागे न्यायाची भिन्न कल्पना आहे. ती स्पष्ट झाली म्हणजे वाद लगेच मिटतो असे नाही; पण तो कशाविषयी आहे, हे उभयपक्षी कळते. यांखेरीज सौंदर्यशास्त्र, धर्माचे तत्त्वज्ञान आणि विज्ञानाचे तत्त्वज्ञान या शाखाही अभ्यासल्या जातात.

महाराष्ट्रातील परंपरा

अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्याने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. साने गुरुजींनी काही काळ तेथे अध्ययन केले. त्याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्या वर्गात शिकत होते. ड्यूई यांच्या लोकशाहीविषयक विचारांचा ठसा त्यांच्या पुढील लेखनात दिसतो. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान महाकोश १९७४ मध्ये सिद्ध झाला. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात अध्यापन केलेले प्रा. दि. य. देशपांडे यांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञान मराठीत सुबोधपणे आणले आणि १९९० मध्ये ‘आजचा सुधारक’ हे मासिक सुरू केले. हा विषय मराठीतून सखोलपणे शिकता येतो, हे या कार्यावरून दिसून येते.

उपयोगाचा प्रश्न

राज्यात उच्च माध्यमिक स्तरावर कला शाखेत तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान हे ऐच्छिक विषय आहेत. बुलढाणा जिल्हा १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. २०१३ पासून नीतिविषयक २५० गुणांची प्रश्नपत्रिका सर्वच उमेदवारांना अनिवार्य असून उत्तरे मराठीतूनही लिहिता येतात. कायदा, पत्रकारिता व अध्यापन या क्षेत्रांतही युक्तिवादाचे शिक्षण उपयोगी पडते.

तथापि, केवळ या पदवीवर हमखास नोकरी मिळते, असे सांगणे पालकांची दिशाभूल करणारे होईल. अध्यापनाच्या जागा मर्यादित आहेत. म्हणून विद्यार्थ्याने तत्त्वज्ञानास अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा संस्कृत अशा विषयाची जोड द्यावी आणि पुढील शिक्षणाचा विचार आधीच करावा, हे श्रेयस्कर.

मात्र विषयाच्या उपयोगाचे मोजमाप केवळ नोकरीने करणे अपुरे आहे. विद्यार्थी न मिळाल्यास महाविद्यालयातील विषय बंद पडतो आणि एकदा बंद पडलेला विषय पुन्हा सुरू होणे कठीण असते. शहरातील मुलास तो अन्यत्र मिळू शकतो. साखरखेर्ड्यासारख्या गावातील मुलीस तो बहुधा कायमचा दुरावतो. म्हणून प्रवेशाच्या काळात शिक्षकांनी जवळच्या कोणत्या महाविद्यालयात हा विषय उपलब्ध आहे याची माहिती द्यावी, ग्रामपंचायतींनी आपल्या वाचनालयात तर्कशास्त्राचे एखादे सुबोध मराठी पुस्तक ठेवावे. प्रश्न नीट विचारणारा नागरिक ही ग्रामसभेची गरज आहे, आणि असा नागरिक घडविण्याचे काम हा विषय करतो.