सरड्याचं मखर आणि सीलंटचा फंडा

मांजर पाळणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. इग्वाना पाळणाऱ्याला मात्र सगळी कॉलनी विचारते. माझा आतेभाऊ पुण्यातली आयटीची नोकरी वर्क फ्रॉम होम करून धुळ्याला परतला, तेव्हा लॅपटॉप, बीन बॅग आणि एक हिरवागार इग्वाना असा त्याचा संसार देवपुरात उतरला. शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न, ‘चावतो का?’ दुसरा, ‘पोलीस धरणार नाहीत ना?’

पहिल्याचं उत्तर ‘कधी कधी’ असं आहे. दुसऱ्याचं जरा नीट समजून घ्या. आपल्याकडची घोरपड, स्टार कासव, अजगर, नाग, धामण यातलं काहीही घरात ठेवायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. ‘शेतात सापडलं, म्हणून आणलं’ हे चालत नाही. ग्रीन इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. तो ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या कायद्याच्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंद सरकारकडे करावी लागते. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. नोंदणी ‘परिवेश’ पोर्टलवर होते. पुढे पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवायचं. भावाकडे हे कागद फाइलमध्ये लावून ठेवलेत. तुमच्या ओळखीत कुणाकडे ते नसतील, तर बाकीचा लेख त्यांनी नंतर वाचला तरी चालेल.

आता मुद्द्याचं. इग्वाना पाच-सहा फूट वाढतो. एवढ्या प्राण्याला मावेल असा पिंजरा दुकानात तयार मिळत नाही, तो सुताराकडून करून घ्यावा लागतो. पाठीमागची भिंत कोरी प्लायवूडची ठेवली, तर त्याला चढायला काही नाही आणि बघणाऱ्यालाही मजा नाही. म्हणून खडकाचं बॅकग्राउंड. परदेशी व्हिडिओंमध्ये सगळे लालभडक अॅरिझोना करतात. आम्ही लळिंग किल्ल्याचा काळा कातळ करायचं ठरवलं. उगाच कॅक्टस कशाला, राव!

खरी अडचण हवेची आहे. इग्वानाला साधारण सत्तर टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे आणि हवा अशी कोरडी, की दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात पापड होतो. म्हणजे पिंजऱ्यात दिवसातून कितीतरी वेळा पाण्याचा फवारा मारायचा. फवारा आला, की ओल आली. ओलीने प्लाय फुगतो, सांध्यात बुरशी धरते. म्हणून सीलंट लावायचं. आणि इग्वानाला सवय अशी, की तो दिसेल ती गोष्ट जिभेने चाटून बघतो. जिभेनेच तर तो वास घेतो. भिंतीला तुम्ही जे फासाल, ते त्याच्या तोंडात जाणार हे धरूनच चाला.

कच्चा माल थर्माकोल. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, पण टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातले तुकडे घरोघरी पडून असतात. तेच वापरले. कटरने कातळ कापून पहिला पॅनेल उभा केला, तशी आत्या दारात येऊन म्हणाली, “हाई काय शे रे भाऊ? मखर?” त्या दिवसापासून घरात त्याचं नाव मखरच.

थर्माकोलचा एक स्वभाव लक्षात ठेवा. थिनर, पेट्रोल, ऑइल पेंट आणि उग्र वासाचा रबरी गोंद, सगळे त्याला खाऊन टाकतात. पाण्यात मिसळणारा साधा पांढरा गोंद खात नाही, पण ओल लागली की तो मऊ पडतो. फटी भरायला स्प्रेचा पीयू फोम मस्त फुगतो. मात्र वाळेपर्यंत त्यातल्या आयसोसायनेटमुळे छातीला त्रास होऊ शकतो आणि डब्यातला गॅस ज्वालाग्राही असतो. हे काम गच्चीवर, हातमोजे घालून आणि स्वयंपाकघराच्या गॅसपासून लांब. वाळलेला फोमही उघडा ठेवायचा नाही. ऊन आणि यूव्हीच्या दिव्याने तो पिवळा पडतो, त्याचा भुगा होतो. तो भुगा कोण चाटणार, ते सांगायला नको.

मग सिलिकॉन. जळगावात हार्डवेअरच्या दुकानात मी नुसतं ‘सिलिकॉन द्या’ म्हटलं, तर काउंटरवरच्या काकांनी विचारलं, “शोकेसला लावायचं, का बाथरूमला?” प्रश्न एकदम करेक्ट होता! बाथरूमचं सिलिकॉन महाग असतं, ‘काळं पडत नाही’ म्हणून विकलं जातं. काळं का पडत नाही? कारण त्यात बुरशीनाशक घातलेलं असतं. आपल्याला नेमकं तेच नको. ‘अँटी-फंगल’, ‘मोल्ड रेझिस्टंट’, ‘सॅनिटरी’ असं काही छापलेलं कार्ट्रिज सरळ परत द्या. ‘शंभर टक्के सिलिकॉन’ लिहिलेलं, शक्य तर मत्स्यालयासाठीचं घ्या. ते लावताना बहुधा व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो अॅसिटिक अॅसिडचा. पूर्ण वाळलं की जातो. पण हे आंबट सिलिकॉन सिमेंटवर नीट धरत नाही आणि लोखंडाला गंज आणतं. तिथे न्यूट्रल क्युअरचं लागतं. न्यूट्रल म्हणजे बिनधोक असं मात्र समजू नका, वाळताना तेही वाफा सोडतं. फरक एवढाच, की त्या आंबट नसतात.

आता खान्देशी ट्विस्ट. आपल्याला वाटतं, एवढं कडक ऊन आहे, दोन तासांत खडखडीत वाळेल. नाही! सिलिकॉन उन्हाने नव्हे, हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, तेही बाहेरून आत. बऱ्यापैकी दमट हवेत दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वरची साय धरते आणि आत ते कितीतरी दिवस ओलं राहतं. उपाय घरातच आहे. ज्या कूलरसमोर आपण झोपतो, त्याच खोलीत पॅनेल ठेवायचा. पीयू फोमलाही ओलावाच लागतो, थरांच्या मध्ये पाण्याचा हलका फवारा मारायचा. रंग आणि वॉटर-बेस्ड वॉर्निशचं नेमकं उलटं. ते उन्हाळ्यात झटपट वाळतात आणि श्रावणात रडवतात.

कातळाचा पोत आला टाइल ग्राउटने. तीन पातळ थर, शेवटच्या थरात फरशीवाले वापरतात ते काळं ऑक्साइड. सिमेंट ओलं असताना कडक अल्कली असतं, पीएच बारा-तेराच्या घरात. म्हणून थर पक्के झाल्यावर पॅनेल पुन्हा पुन्हा पाण्याने धुवायचा आणि निथळलेलं पाणी पीएचच्या पट्टीवर बघायचं. साध्या नळाच्या पाण्याइतकं आलं, की पुढे.

वरून सील करायला आम्ही वॉटर-बेस्ड अॅक्रिलिक वॉर्निश निवडलं. इपॉक्सी जास्त टणक होते, पण रेझिन आणि हार्डनर वजन करून मोजावे लागतात. अंदाजपंचे मिसळलं, तर न जुळलेला भाग चिकट राहतो आणि तोच त्रासदायक. रविवारी दुपारी घाम पुसत तेवढा नेमकेपणा आमच्याकडून झाला नसता. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा डबा घरात अर्धा उरला होता. तो लागूनही बघितला नाही, कारण त्यातही बुरशीनाशक असू शकतं. तसाच जुना ऑइल पेंट. रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ चे, ते लागू झाले २०१७ च्या अखेरीस. त्याआधीचा डबा माळ्यावरच राहू द्या.

दुकानात ‘नॉन-टॉक्सिक’ या शब्दावर भाळू नका. कंपनीच्या वेबसाइटवर उत्पादनाची सेफ्टी डेटा शीट असते. प्रेझेंटेशनसाठी शंभर स्लाइड वाचतो आपण, ही आठ-दहा पानं काहीच नाहीत. घटक आणि वाळताना काय बाहेर पडतं, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

‘टच ड्राय’ आणि ‘फुल क्युअर’ यांत मात्र आठवड्यांचं अंतर असतं. जळगाव-धुळे नव्वदेक किलोमीटर. मी तीन शनिवार एरंडोल-पारोळा करत गेलो आणि प्रत्येक वेळी भाऊ म्हणाला, “झालं ना आता?” चाचणी साधी होती. पॅनेलसोबतच सगळे थर दिलेला एक तुकडा बरणीत बंद करून उन्हात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी झाकण काढून हुंगायचं. वास आला तर नापास. वास नाही म्हणून सगळं सुरक्षित असंही नाही, म्हणून डब्यावरच्या मुदतीच्या दुप्पट दिवस थांबलो.

मखर चौथ्या शनिवारी बसलं. उबेचा दिवा भिंतीपासून लांब आहे, कारण थर्माकोल शंभर अंशांच्या आधीच मऊ पडू लागतो. दिव्याला जाळीही आहे. कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर नखांचे ओरखडे आले का, ते भाऊ दर रविवारी टॉर्च घेऊन बघतो. मागच्या आठवड्यात एका ठिकाणी कड सुटलेली दिसली. तेवढी कापून काढली आहे आणि इग्वाना सध्या हॉलमधल्या जुन्या पिंजऱ्यात, आत्याच्या टीव्हीसमोर आहे.