मनाविरुद्धचं शिबिर: सेवाग्रामची कुमार कादंबरी कशी लिहावी

उन्हाळ्याच्या सुट्टीत मनाविरुद्ध शिबिराला धाडलेला मुलगा हा कुमार कादंबरीला, म्हणजे साधारण बारा ते सोळा वयाच्या वाचकांसाठीच्या कादंबरीला, फार चांगला विषय आहे. वर्धा जिल्ह्यात त्याला जागाही आयती मिळते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात, जे १९६९ साली सुरू झालं, पहिल्या वर्षाची मुलं गांधीजींच्या आश्रमात सुमारे पंधरा दिवसांचं शिबिर करतात. प्रवेशपरीक्षेसाठी रात्ररात्र जागलेली ही मुलं तिथं श्रमदान आणि सूतकताईला बसतात. पहिल्या दिवशीचे त्यांचे चेहरे डोळ्यांपुढं आणून आपण अशाच शिबिराला आलेला आपला चौदा वर्षांचा मुलगा घडवायला घेऊ.

आधी त्याचा नकार पक्का करा. मोबाइल काढून घेतला म्हणून रुसलेला मुलगा दहा पानांच्या पुढं चालत नाही. वाचकालाही पटेल असं कारण हवं. माझ्या मनातला मुलगा हिंगणघाटकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातला आहे. शेतकरी आत्महत्यांच्या काळात, २००६ साली, पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं त्यांत वर्धा होता. अशा जिल्ह्यातल्या मुलाला कापसानं घराला काय दिलं हे कोणी सांगावं लागत नाही. त्याला त्याच कापसाचं सूत काढायला पाठवलंय, आणि तेही घरी वखरणी चालू असताना.

या उघड कारणाच्या खाली एक झाकलेलं कारण ठेवा. आईनं त्याला का पाठवलं? महिनाभर दारात येणारे घेणेकरी त्याला दिसू नयेत म्हणून. हे त्याला कादंबरीच्या मध्यावर कळतं, त्याआधी अजिबात नाही. बहुतेक नवे लेखक हे पहिल्याच प्रकरणात सांगून मोकळे होतात आणि मग पुढं ओढ उरत नाही.

आता जागा. सेवाग्राम पाहायचं तर मे महिन्यातच पाहा. हिवाळ्यात जाऊन आलेल्या लेखकाच्या पानांवर ऊन येत नाही. गांधीजी या गावात आले तेही ३० एप्रिल १९३६ ला, ऐन उन्हाळ्यात. तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. १९४० साली ते सेवाग्राम झालं. पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, म्हणून कामं पहाटे आणि दिवस कलल्यावर. मधली लांब, तापलेली दुपार रिकामी राहते, आणि भांडणं, कबुल्या, पळून जायचे बेत सगळे त्या दुपारीच होतात. ती वाया घालवू नका.

आपण मोठ्यांच्या नजरेनं पाहतो ही इथली नेहमीची चूक. बापूकुटी, म्हणजे गांधीजींची झोपडी, दाखवताना आपण साधेपणाबद्दल लिहू लागतो. चौदाव्या वर्षी नजर आधी कुठं जाईल? आश्रमात साप धरायचा चिमटा आणि पिंजरा जपून ठेवला आहे. साप मारायचा नाही, धरून लांब सोडायचा, अशी ती रीत होती. आपला मुलगा शेतातला आहे. त्यानं मारलेले साप पाहिलेत. तो त्या पिंजऱ्यापाशी थांबेल, आणि शिबिरातली कुठलीच गोष्ट पटत नसताना ही एक त्याच्या डोक्यात राहील.

निवेदक, म्हणजे गोष्ट सांगणारा, तोच असू द्या. ‘मले नाई जाचं’ हे त्याचं पहिलं वाक्य. आजूबाजूचं वर्णन साध्या मराठीत चालेल. बोलणं मात्र वर्ध्याचंच हवं, आणि ते सगळ्यांचं हवं. गमतीपुरती एका पात्राला ही बोली द्यायची आणि बाकीच्यांनी पुस्तकी बोलायचं, हे मला फार खुपतं. आपल्याच भागातला वाचक अशा पानावर दुखावला जातो.

सगळ्यांत वेळ द्यायचा तो टकळीच्या प्रसंगाला. टकळी म्हणजे हातानं फिरवायची चाती: एक काडी आणि तिच्या खालच्या टोकाजवळ छोटी चकती. डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल वळी. उजव्या हाताच्या चिमटीनं काडीला गिरकी द्यायची आणि पेळू हळूहळू वर न्यायचा. नवशिका पेळू घट्ट आवळतो, तंतू सरकत नाहीत, सूत तुटतं. मग तो घाबरून हात सैल सोडतो. पीळ बसायच्या आधीच तंतू ओढले जातात, पुन्हा तुटतं. तुटलेलं टोक पेळूच्या तंतूंवर ठेवून परत गिरकी द्यायची, की ते सांधलं जातं.

लिहिण्याआधी हे स्वतः करून पाहा, तासभर तरी. लहानपणापासून कापूस वेचणाऱ्या या मुलाची बोटं कापूस ओळखतात, पण बोंडातून काढून ओट्यात टाकण्यापुरतीच. शेजारच्या नागपूरच्या मुलीला दहा मिनिटांत जमतं, त्याला जमत नाही. तो अपमान पूर्ण पान भरून येऊ द्या.

याच जागी दुसरा मोह येतो: एखादे खादीधारी आजोबा येतात आणि दोन पानं बोलतात. त्यांना गप्प ठेवा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याचा, विचार मांडला गेला. त्याच भागातली कादंबरी भाषणातून शिकवू लागली तर ती आपल्याच पायाखालची जमीन सोडते. आजोबांनी फक्त त्याच्या डाव्या हाताची बोटं जरा सैल करावीत आणि पुढच्या मुलाकडं जावं.

शेवटाकडं येताना त्याला शिबिर आवडायलाच हवं असं धरू नका. तो घरी जाईल तेव्हा घेणेकरी तिथंच असतील आणि सुतानं कर्ज फिटणार नाही. एवढं बदललेलं पुरे की आईनं आपल्याला का पाठवलं हे त्याला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असल्याचं तो तिला सांगत नाही. खिशातली सुताची वेडीवाकडी गुंडी तिच्या हातात देतो आणि वखर घेऊन रानात जातो.

पहिला मसुदा झाला की तो जवळच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या पाच-सहा मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. आवडलं का, हे विचारू नका. ती मान राखून हो म्हणतील. वाचताना कोण कुठल्या पानावर खिडकीबाहेर पाहू लागतं ते बघा, आणि त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा.