प्लग काढला तरी वीज उरते

वुर्लिट्झर या अमेरिकन कंपनीचा '1015' हा ज्यूकबॉक्स 1946 साली बाजारात आला. त्याची रचना पॉल फुलर यांची. नाणं टाकून 24 गाण्यांतून एक निवडलं, की त्या तबकडीचा ट्रे बाहेर सरके आणि खालून फिरतं टेबल वर येऊन तबकडी सुईपर्यंत उचलून धरी. काचेआडची ही सगळी हालचाल गिऱ्हाइकाला दिसत असे. आज दुरुस्तीसाठी असं यंत्र उघडताना मात्र न दिसणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करावी लागते. ती म्हणजे आत साठून राहिलेली ऊर्जा.

अ‍ॅम्प्लिफायरच्या व्हॉल्व्हना तीनशे-चारशे व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. त्यातले चढउतार सपाट करण्यासाठी कपॅसिटर विद्युतभार साठवतो. प्लग काढल्यावर तापलेल्या व्हॉल्व्हमधून हा भार सहसा ओसरतो. पण व्हॉल्व्ह निकामी असेल किंवा जोड सुटला असेल, तर त्याला वाट मिळत नाही आणि तो तसाच राहतो. 400 व्होल्टवरच्या 40 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये 3.2 जूल ऊर्जा असते. तिचा झटका जिवावर बेतू शकतो.

स्क्रूड्रायव्हरने टोकं शॉर्ट केली, तर ही ऊर्जा क्षणात ठिणगी होऊन बाहेर पडते आणि जोड जळतात. त्याऐवजी दोन टोकांमध्ये 10,000 ओहमचा, दहा वॉटचा रोध इन्सुलेटेड क्लिपांनी जोडावा. साधारण दोन सेकंदांत व्होल्टेज एक टक्क्याखाली उतरतं. तरीही मीटर लावून खात्री करावी. कपॅसिटरमधल्या विद्युतरोधी थरात मुरलेला भार थोड्या वेळाने टोकांवर परत येतो, म्हणून काही मिनिटांनी पुन्हा मोजावं.

कडेच्या बुडबुड्यांच्या नळ्या काचेच्या असतात. अशा नळ्यांत सहसा डायक्लोरोमिथेन वापरतात. तो सुमारे 40 अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे थोड्या उष्णतेनेही बुडबुडे उठतात. त्याची वाफ मात्र विषारी असते. नळ्या थंड झाल्यावरच हात लावावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

जुन्या तारांवरचं रबर हात लागताच गळून पडतं, म्हणून आधी फोटो काढून प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. काही जुन्या कपॅसिटरमध्ये पीसीबी हे घातक तेल असतं. ते फोडू नयेत. पेटी दीडशे किलोंहून जड असल्याने ती हलवायला दोघं-तिघं हवेत. एवढी तयारी झाली, मीटरचा काटा दुसऱ्यांदाही शून्यावर राहिला, की मगच पाना हातात घ्यावा.